खिशातली मेणाची कांडी: लिप बामकडून करून घेण्यासारखी इतर कामं

बॅगेची चेन अडकते ती नेमकी निघायच्या वेळी. माझी अडकली तेव्हा पहाट होती, गाडी सुटायला तासभर उरला होता आणि घरात मशीनचं तेल नव्हतं. मेणबत्ती होती म्हणे, पण ती कुठे होती हे कुणालाच आठवत नव्हतं. जॅकेटच्या खिशात हात घातला तर अर्धी संपलेली लिप बामची कांडी लागली. चेनच्या दातांवर ती चार-पाच वेळा घासली, रनर थोडा मागे, थोडा पुढे केला आणि चेन सुटली. तेव्हापासून घरात एक कांडी ओठांसाठी असते आणि एक बाकीच्या उद्योगांसाठी.

या लेखात त्या उद्योगांबद्दल लिहिलं आहे. काय लावायचं, किती लावायचं, कुठे हे चालतं आणि कुठे अजिबात चालत नाही, असं सगळं. बहुतेक कामांसाठी लिप बामपेक्षा सरस वस्तू बाजारात मिळते, हे आधीच सांगून टाकतो. पण ती वस्तू त्या घटकेला आपल्या खिशात नसते आणि लिप बाम असतो.

आधी कांडीत काय आहे ते बघा

लिप बाम म्हणजे मुळात मेण आणि तेल. मेणामुळे कांडी उभी राहते, तेलामुळे ती पसरते. मेण बहुधा मधमाश्यांचं असतं, नाहीतर कार्नौबा किंवा कॅन्डेलिला या वनस्पतींचं, नाहीतर खनिज तेलातून काढलेलं पॅराफिन. तेलाच्या बाजूला पेट्रोलियम जेली, एरंडेल, कोको बटर, शिया बटर, लॅनोलिन यांपैकी काहीतरी असतं. वर वास, रंग, थंडावा देणारं मेन्थॉल, कापूर, आणि काहींत उन्हापासून बचाव करणारे घटक.

यातल्या पेट्रोलियम जेलीचा जन्मच मुळी ओठांसाठी झालेला नाही. १८५९ साली रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला नवी तेलविहीर बघायला गेला. तिथे पंपाच्या दांड्यांवर एक चिकट मेणचट थर जमत होता. कामगार त्याला वैतागले होते, कारण तो पंप अडवायचा. पण कापलं-भाजलं की तोच थर जखमेवर फासतही होते. चेसब्रोने तो गाळून स्वच्छ केला आणि १८७२ साली 'व्हॅसलीन' नावाने पेटंट घेतलं. म्हणजे जी वस्तू आपण आज ओठाला लावतो ती सुरुवातीला यंत्रावरची घाण होती. कांडीच्या रूपातला बाम त्याच शतकाच्या शेवटी आला. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या चार्ल्स फ्लीट यांनी चॅपस्टिक बनवली, पण ती खपेना. १९१२ साली त्यांनी तिचे हक्क जॉन मॉर्टन यांना पाच डॉलरला विकून टाकले. मग मॉर्टनबाईंनी स्वयंपाकघरात मिश्रण वितळवून पितळी नळ्यांत ओतायला सुरुवात केली आणि धंदा उभा राहिला.

आपल्या कामाचा मुद्दा असा की सगळे बाम सारखे नसतात. घट्ट, मेणाचं प्रमाण जास्त असलेला बाम दोरा, चेन, लाकूड यांना चांगला. मऊ, तेलकट बाम कातडी, अडकलेली अंगठी, चिकट लेबल यांना चांगला. वेष्टनावर घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिली तीन-चार नावं वाचली तरी पुरतं. 'सेरा अल्बा' म्हणजे मधमाश्यांचं मेण, 'पेट्रोलॅटम' म्हणजे पेट्रोलियम जेली, 'रिसिनस कम्युनिस' म्हणजे एरंडेल.

वेष्टन फेकून दिलं असेल तर कागदावर चाचणी करा. साध्या कोऱ्या कागदावर बामचा एक जाड पट्टा ओढा आणि तासभर ठेवून द्या. पट्ट्याभोवती तेलाचं पारदर्शक कडं पसरलं तर बाम तेलकट. पट्टा जागच्या जागी राहिला आणि नखाने खरवडला तर भुसा निघाला, तर मेणाचा. ही चाचणी कापडाजवळ बाम नेण्याआधी जरूर करा, कारण जे कडं कागदावर दिसतं तेच उद्या शर्टावर दिसणार आहे.

कामाची कांडी वेगळी ठेवा

चेनच्या दातांवरून फिरलेली कांडी पुन्हा ओठांवर फिरवायची नाही. हे सांगायची गरज नसावी, पण घाईत माणूस काहीही करतो. जुना झालेला, वास बदललेला, किंवा ज्याची चव आवडली नाही असा बाम कामासाठी बाजूला काढा आणि टोपणाला रबरबँड गुंडाळा. वनस्पती तेलाचा बाम जुना झाला की खवट होतो. ओठांना तो नको, बिजागरीला काही फरक पडत नाही.

त्वचेच्या कामाला मात्र जुना बाम वापरू नका. तिथे ताजा, बिनवासाचा, बिनरंगाचा हवा, आणि तो थेट न घासता कापसाच्या काडीने किंवा स्वच्छ बोटाने उचलून लावायचा. डबीतला बाम असेल तर बोट घालण्याआधी हात धुवा.

चेन

चेन अडकण्याची तीन कारणं असतात आणि बाम त्यातल्या दोनांवर चालतो. दातांत मळ बसला असेल किंवा दात कोरडे पडले असतील, तर बाम उत्तम. रनरमध्ये कापड अडकलं असेल तर बामची मदत होते. पण रनर पुढे जातो आणि मागे दात उघडेच राहतात, अशी तक्रार असेल तर रनर सैल झाला आहे. त्याला पकडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबावं लागतं. तिथे बाम फासून फक्त हात बरबटतात.

१. जुन्या टूथब्रशने दात कोरडेच घासा. माती, धागे निघू द्या. मळावर बाम लावला तर दोन्ही मिळून लगदा तयार होतो.

२. रनर जिथे अडकला आहे त्याच्या दोन्ही बाजूंना, बोटभर अंतरापर्यंत, कांडी दातांवर घासा. बाहेरून आणि आतून दोन्हीकडून. रनरच्या तोंडाशी थोडा जास्त.

३. रनर ज्या दिशेने जात नाही तिकडे ओढू नका. आधी उलट दिशेला थोडा न्या, मग पुढे. असं इंचाइंचाने. जोर लावला की दात वाकतात आणि मग नवीन चेनच बसवावी लागते.

४. कापड अडकलं असेल तर बाम लावून कापड चेनच्या काटकोनात, बाजूला, हळू ओढत राहा आणि दुसऱ्या हाताने रनर मागे घ्या.

५. सुटली की पूर्ण चेन चार-पाच वेळा उघडबंद करा आणि जादा बाम कोरड्या फडक्याने पुसून टाका. ही पायरी लोक गाळतात. पुसला नाही तर धूळ चिकटते आणि महिनाभरात चेन पहिल्यापेक्षा वाईट होते.

पांढऱ्या किंवा फिकट कपड्यावर रंगीत बाम चुकूनही नको.

बोटात अडकलेली अंगठी

उष्म्याने, चालून चालून किंवा खारट खाण्याने बोटं फुगतात आणि काल सहज निघणारी अंगठी आज सांध्यावर अडते. साबणाच्या पाण्याने काम होतं, पण साबण पटकन वाहून जातो. बामचा थर टिकतो.

सर्वात आधी बोट बघा. ते निळं-पांढरं पडलं असेल, बधिर झालं असेल, किंवा बोटाला मार लागून सूज आली असेल, तर घरगुती प्रयोग न करता दवाखाना गाठा. तिथे अंगठी कापायचं छोटं यंत्र असतं आणि काम मिनिटांत होतं. अंगठीपेक्षा बोट महाग.

बोट फक्त फुगलेलं असेल तर हात डोक्याच्या वर धरून पाच मिनिटं बसा. मग हात गार पाण्यात थोडा वेळ बुडवा आणि कोरडा करा. आता तेलकट बाम अंगठीच्या वर-खाली आणि विशेषतः सांध्याभोवती सढळ हाताने लावा. अंगठी गोल फिरवत राहा म्हणजे बाम तिच्याखाली शिरेल. बाहेर काढताना सरळ ओढायची नाही. स्क्रू काढतात तशी, फिरवत फिरवत. बोट किंचित वाकवलेलं ठेवलं तर सांध्यावरची कातडी गोळा होत नाही.

एवढ्यानेही निघाली नाही तर दोऱ्याची युक्ती करा. दात साफ करायचा धागा, म्हणजे फ्लॉस, यासाठी छान. त्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढा. टोक बारीक असेल तर टूथपिकने ढकला. उरलेला धागा अंगठीला लागून सुरुवात करून सांध्याच्या पलीकडेपर्यंत बोटावर एकाला एक लागून घट्ट गुंडाळा. गुंडाळीवर बाम लावा. मग तळहाताकडचं टोक धरून बोटाच्या टोकाच्या दिशेने धागा उलगडायला लागा. प्रत्येक वेढ्याबरोबर अंगठी थोडी पुढे सरकते. धागा रक्त अडवतो, म्हणून गुंडाळल्यावर चहाला जाऊ नका. दोन मिनिटांत जमलं नाही तर सोडा, बोटात पुन्हा रक्त येऊ द्या आणि मग दुसरा प्रयत्न करा.

क्वचित घातल्या जाणाऱ्या कानातल्यांनाही हेच तत्त्व. भोक आक्रसलं असेल तर काडीच्या टोकाला ताज्या बामचा पुसट हात द्या, कानातलं सुखाने जातं. भोक लाल, दुखरं किंवा पू आलेलं असेल तर काहीच घालू नका.

सुतारकाम आणि किरकोळ दुरुस्ती

लाकडात स्क्रू पिळताना तो मधेच जड जातो आणि त्याच्या डोक्यावरची खाच झिजते. जुने सुतार स्क्रूच्या आट्यांना मेण किंवा साबण लावतात ते यासाठीच. स्क्रू कांडीत दोनदा टोचून काढा, आट्यांत भरेल तेवढा बाम पुरे. पितळी स्क्रूला तर हे कराच, कारण पितळ मऊ असतं आणि कठीण लाकडात स्क्रू मधोमध मोडतो. मोडलेला पितळी स्क्रू बाहेर काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला विचारा. भिंतीत ठोकलेल्या प्लास्टिकच्या नळीत जाणाऱ्या स्क्रूला मात्र बाम लावायचा नाही. तिथली सगळी पकड घर्षणाची असते.

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला की दुरुस्तीपेक्षा तो भोकावर धरून ठेवण्यात जास्त वेळ जातो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला मोहरीएवढा बाम लावा आणि स्क्रूच्या डोक्यात टेकवा. स्क्रू चिकटून राहतो, भोकात जाऊन उभा राहतो, आणि दुसरा हात चष्मा धरायला मोकळा होतो. माझ्या मते या सगळ्या लेखातली ही सर्वात गोड युक्ती आहे. नंतर काचेवर उडालेला बाम लगेच साबणपाण्याने धुवा.

कुरकुरणारी बिजागरी: खिळ काढता येत असेल तर वर ठोकून बाहेर काढा, पुसा, बाम लावा, परत बसवा. काढता येत नसेल तर फटीत बाम भरून दार दहा-बारा वेळा हलवा. आवाज काही दिवस जातो. कायमचा बंदोबस्त यंत्राच्या तेलाने किंवा ग्रीसने करायचा असतो.

लाकडावर लाकूड घासत चालणारा जुना खण अडत असेल तर त्याच्या खालच्या कडांवर आणि आतल्या पट्ट्यांवर मेणाचा बाम घासा. इथे मेणबत्तीचं थोटूक बामपेक्षा सरस, ते असेल तर तेच घ्या. दमट हवेत लाकूड फुगून खण अडला असेल तर थोडाफार फरक पडेल, पण खरं उत्तर पॉलिश पेपर. धातूच्या रुळांवर चालणाऱ्या खणांना यातलं काही नको, रुळांत धूळ बसते.

बागकामाची कात्री, छिन्नी, पक्कड अशा हत्यारांना ठेवणीत टाकण्यापूर्वी बामचा पातळ हात दिला तर दमट हवेचा आणि लोखंडाचा थेट संबंध येत नाही, गंज लांबतो. आधी हत्यार पूर्ण कोरडं हवं. ओल्यावर लावला तर ओल आत कोंडली जाते. स्वयंपाकाच्या सुऱ्यांना हा प्रयोग करू नका, त्या पात्यावर वासाचे आणि रंगाचे घटक कशाला?

नेलपॉलिशच्या किंवा गोंदाच्या बाटलीच्या गळ्याला बाम पुसला तर झाकण पुढच्या वेळी सहज उघडतं.

सुई-दोरा

हाताने बटण लावताना दोऱ्याला गाठी पडतात, कारण दोऱ्याचे तंतू मोकळे असतात आणि ओढताना पिळा बसतो. शिवणकाम करणारे दोरा मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घेतात. मेणाचा बाम असेल तर तेच करता येतं. दोरा कांडीवर अंगठ्याने दाबून धरायचा आणि एका दमात ओढायचा, दोनदा. मग टिश्यूच्या चिमटीतून पुन्हा दोनदा, म्हणजे जादा बाम निघतो. दोरा कडक होतो, नेढ्यातून पटकन जातो, आणि बटणाच्या टाक्यांना घट्ट धरतो. जाड, गडद कापडावरच हे करा. रेशमी किंवा फिकट कापडावर तेलाचा डाग उमटला तर बटण राहील पण सदरा जाईल.

चिकटलेली लेबलं

काचेच्या बरणीवरचं लेबल काढलं की मागे गोंदाचा थर राहतो. तेलकट बाम त्यावर जाडसर फासा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग बोटाने गोल गोल चोळा. गोंद मऊ होऊन गोळ्या गोळ्या निघतात. शेवटी भांडी घासायच्या साबणाने धुवा. जखमेवरची चिकटपट्टी केस ओढत निघते तेव्हाही कडेला हेच करा, फक्त जखमेपर्यंत बाम पोचू देऊ नका. कागद, पॉलिश न केलेलं लाकूड, कापड यांवर ही युक्ती नको.

अंगावरची कामं

नवा बूट चावतो तो टाचेला आणि करंगळीच्या कडेला. चालायला निघण्याआधी नेमक्या त्या जागी बामचा जाड थर लावा, मग मोजे घाला. कातडी आणि कापड यांच्यातली घासाघीस कमी होते आणि फोड यायचा थांबतो किंवा निदान लांबतो. एक बारीक गोष्ट: हा थर कायम टिकत नाही. घाम आणि मोज्याने तो निघून जातो, आणि ओली, मऊ झालेली कातडी उलट जास्त घासली जाते. लांब चालायचं असेल तर दर थांब्यावर बूट काढून बघा, पुसा, परत लावा. मांड्या किंवा काखेत कपडा घासत असेल तर तेच. फोड आलेला असेल तर वेळ गेलेली आहे. त्याला झाकायचं, बाम नाही.

सर्दीत नाक पुसून पुसून खालची कातडी सोलवटते. तिथे साधा बाम दिवसातून तीन-चारदा लावा. मेन्थॉलवाला लावलात तर डोळ्यांत पाणी येईल, मी लावून पाहिला आहे. नाकपुडीच्या आत भरू नका. तेलकट पदार्थ नाकात रोज, दीर्घकाळ घातले तर ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून क्वचित न्यूमोनियासारखा त्रास होतो.

नखाच्या कडेची सालं, कोरडी पडलेली कोपरं: झोपताना चोळा, सकाळी फरक दिसतो. बाम स्वतः ओलावा देत नाही, आतला ओलावा उडू देत नाही. म्हणून हात धुऊन, पुसून, कातडी किंचित दमट असतानाच लावला तर त्याचा दुप्पट उपयोग.

दाढी करताना कापलं तर आधी स्वच्छ कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरा. रक्त बहुतेक थांबलं की कापसाच्या काडीने ताज्या साध्या बामचा ठिपका ठेवा, कॉलरवर डाग पडणार नाही. मुष्टियुद्धात खेळाडूच्या चेहऱ्याला पेट्रोलियम जेली फासलेली दिसते ती अशाच हेतूने, ठोसा घसरावा आणि चिरलेली जागा झाकली जावी म्हणून.

अत्तर किंवा परफ्यूम कोरड्या कातडीवर लवकर उडतो. मनगटावर आधी बिनवासाच्या बामचा पातळ हात, त्यावर सुगंध. तेलात धरलेला वास सावकाश सुटतो. भुवयांचे उभे राहणारे केस बसवायला ब्रशला किंचित बाम पुरतो. केसांना रंग लावण्याआधी कपाळाची कड, कानाच्या पाळ्या आणि मान यांवर बाम ओढून घेतला तर कातडीला डाग पडत नाहीत, पण केसांवर तो गेला तर तिथे रंग धरणार नाही, तेव्हा हात आवरून.

एसपीएफ लिहिलेला बाम असेल तर नाकाचा शेंडा आणि कानांच्या वरच्या कडा यांना लावायला तो छान कांडी-सनस्क्रीन आहे. या दोन जागा सनस्क्रीन लावताना हमखास सुटतात. दर दोन तासांनी परत. एसपीएफ नसलेला बाम उन्हापासून काहीही वाचवत नाही, त्याची चमक पाहून फसू नका.

चामडं आणि जाळ

बुटाला ओरखडा गेला आणि पॉलिश जवळ नाही, तर रंगहीन बाम बोटाने चोळून दोन मिनिटांनी कापडाने घासा. ओरखडा बुजत नाही, पण त्याचा पांढरेपणा जातो आणि बूट दिवसभर वेळ मारून नेतो. चामडं किंचित गडद होतं, म्हणून फिकट बॅगेच्या लपलेल्या कोपऱ्यात आधी बघा. स्वेडला, म्हणजे मऊ लव असलेल्या चामड्याला, कधीच नाही.

डोंगरात, ओल्या लाकडांपुढे बसून काड्यापेटी संपवण्यापेक्षा हे करा. शुद्ध कापसाचा बोळा घ्या, कृत्रिम धाग्याचा नको, तो नुसता वितळतो. बोळा विस्कटा, त्यात बाम चोळून भिनवा, पण एक झुपका कोरडा ठेवा. त्या झुपक्याला काडी लावा. कापूस वातीसारखा वागतो आणि मेण-तेल जळतं, त्यामुळे क्षणात विझणारा बोळा काही मिनिटं पेटता राहतो. पेटवण्याआधी हात पुसा, बोटांवरही तेच इंधन लागलेलं असतं.

इथे बाम अजिबात नको

लेटेक्स आणि रबर. खनिज तेल आणि पेट्रोलियम जेली लेटेक्सला कमकुवत करतात. कंडोम, लेटेक्सचे हातमोजे, रबरी सील यांच्या आसपास बाम नको, यात तडजोड नाही.

ऑक्सिजन. नळीने ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णाच्या नाका-ओठांना पेट्रोलियमचा बाम लावू नये, जळण्याचा धोका असतो. पाण्यावर आधारलेली मलमं मिळतात, ती डॉक्टरांना विचारून.

ताजं भाजलेलं. टायटसव्हिलचे कामगार फासायचे, आपण फासायचं नाही. चरबीचा थर उष्णता आत कोंडतो. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, बस.

कुलपाचं भोक. तेलकट पदार्थ आत धूळ धरून ठेवतो. किल्ली जड जात असेल तर शिसपेन्सिलचं टोक किल्लीच्या दातांवर घासा, ग्रॅफाइट कोरडं वंगण आहे.

सायकलचे ब्रेक, रिमच्या कडा, डिस्क. कारण सांगायला नको. विजेचे प्लग आणि सॉकेट, कॅमेऱ्याच्या आणि चष्म्याच्या काचा हेही यात धरा.

कुत्र्याचे पंजे. लोक कौतुकाने लावतात, पण कुत्रा ते चाटतो. काही बाममध्ये गोडीसाठी झायलिटॉल असतं, आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. झिंक ऑक्साइडचा बामही पोटात जायला नको. लहान मुलांच्या बाबतीत कापराचा बाम हाताशी ठेवू नका, गिळलेला कापूर त्यांना बाधतो.

वितळला, सांडला, धुण्यात गेला

कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळू लागतं, मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ला, कार्नौबा ८० अंशांच्या पुढे. म्हणून उन्हात उभ्या गाडीत एक कांडी पाणी होते आणि तिच्या शेजारची शाबूत राहते. वितळलेली नळी टोपण घट्ट लावून उभी ठेवा आणि फ्रिजमध्ये गोठवा. नंतर ती रवाळ लागली तर कोको किंवा शिया बटरचे स्फटिक झालेत, खराब झालेली नाही. कामाच्या कांडीत ढकला.

खिशात राहून धुण्यात गेली तर कपड्यांवर पारदर्शक, तेलकट ठिपके दिसतात. कपडे वाळवण्यापूर्वी पकडा, इस्त्री तर नकोच, कारण उष्णतेने डाग पक्का होतो. जाड थर बोथट सुरीने खरवडा. मग टाल्कम पावडर किंवा मक्याचं पीठ डागावर दाबून अर्धा तास ठेवा आणि झटका. भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब टाकून बोटाने चोळा, कापडाला सोसेल तेवढ्या कोमट पाण्याने धुवा. डाग पुसट दिसला तर हाच क्रम पुन्हा. सावलीत वाळल्यावरच खात्री होते.

कांडी संपली की नळी फेकू नका. तळाचा चाक-दांडा चिमट्याने ओढून काढा, गरम साबणपाण्यात भिजवा, काडीने आतून पुसा. सुया, टाचण्या, चष्म्याचे जादा स्क्रू, गुंडाळलेली नोट, यांना यासारखी डबी नाही. १९७२च्या वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे अमेरिकेतल्या राजकीय हेरगिरीच्या प्रकरणात, त्यातल्या एका सूत्रधाराच्या, ई. हॉवर्ड हंटच्या, व्हाइट हाउसमधल्या तिजोरीतून चॅपस्टिकच्या नळ्या निघाल्या होत्या आणि त्यांत मायक्रोफोन लपवलेले होते. माझ्या नळीत सध्या तीन सुया, काळा-पांढरा दोरा आणि शर्टाचं एक बटण आहे, आणि बाहेरच्या बाजूला मार्करने 'ओठाला नाही' असं लिहिलं आहे.